बर्फाखालचा ठेवा आणि त्याचे पहारेकरी

अंटार्क्टिकाच्या हिमस्तराखाली, जेथे सूर्याचा किरण युगानुयुगे पोचलेला नाही, तेथे द्रवरूप पाण्याची सरोवरे आहेत, याविषयी आता शंका उरलेली नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत अशा ६७५ सरोवरांची नोंद आहे. भूगर्भातून येणारी उष्णता, बर्फाच्या प्रचंड दाबाने खाली उतरलेला गोठणबिंदू आणि घोंगडीप्रमाणे वरची थंडी अडविणारा तोच बर्फ यांमुळे हे पाणी गोठत नाही. वाद आहे तो निराळाच. या पाण्यापर्यंत पोचण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या अटींवर, आणि त्या अटी पाळल्या गेल्या की नाही हे ठरविणार कोण?

या सरोवरांत सर्वांत मोठे व्होस्टॉक. लांबी सुमारे २५० किलोमीटर आणि माथ्यावर जवळजवळ चार किलोमीटर जाडीचा बर्फ. त्यावरील रशियन केंद्रातले छिद्र मुळात प्राचीन हवामानाच्या अभ्यासासाठी घेतले जात होते, आणि ते गोठून बुजू नये म्हणून त्यात केरोसीन व फ्रिऑन यांचे मिश्रण भरलेले होते. खाली केवढे सरोवर आहे हे १९९६ साली जगापुढे आले. १९९८ साली, पाणी सुमारे १३० मीटर दूर असताना, काम थांबविण्यात आले. पुढे इतर देशांच्या शंका कायम असतानाही ते पुन्हा सुरू झाले, आणि ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९ मीटर खोलीवर पाणी लागले. द्रव खाली न जाता पाणीच वर चढावे अशी योजना होती, हे रशियाच्या बाजूने सांगितले पाहिजे. पाणी वर चढले, गोठले. पण वर आणलेला नमुना केरोसीनने दूषित निघाला. २०१३ साली त्यातून अज्ञात जीवाणू सापडल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा तो सरोवरातला की छिद्रातला, यावर शास्त्रज्ञांचे एकमत होऊ शकले नाही.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकन पथकाने व्हिलान्स या सरोवरापर्यंतचा सुमारे ८०० मीटर बर्फ उष्ण पाण्याने वितळवला. हे पाणी गाळून, अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले होते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरोवराच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १,३०,००० पेशी, म्हणजे चमचाभर पाण्यात सहा लाखांहून अधिक! या वस्तीचा जमाखर्च पाहण्याजोगा आहे. सूर्यप्रकाशाअभावी तेथे खडकालाच अन्नदात्याचे काम करावे लागते. सरकणारा बर्फ तळाचा खडक दळतो, त्या पिठातून लोह व गंधकाची संयुगे मोकळी होतात. बर्फात कोंडलेल्या हवेतला प्राणवायू तो वितळताना पाण्यात उतरतो. काही जीव अमोनियाचे ज्वलन करावे तसे त्यातून शक्ती मिळवितात आणि कार्बन डायऑक्साइडपासून आपली काया घडवितात. काही मिथेनवर जगतात. एकाचे कलेवर दुसऱ्याचे भांडवल होते. वाढ अत्यंत मंद, पण व्यवहार चालू. वाढीचा दर हेच आरोग्याचे एकमेव लक्षण मानणाऱ्या अर्थशास्त्राने या व्यवस्थेकडे जरा निरखून पाहिलेले बरे.

अशा काटकसरीच्या घरात केरोसीन शिरणे म्हणजे काय, याचा विचार व्हावा. केरोसीनवर पोसणारे जीवाणू असतात, आणि व्होस्टॉकच्या छिद्रातील द्रवात तसे आढळलेही आहेत. शिवाय नुकसान एका सरोवरापुरते राहील असेही नाही. एका सरोवराचे पाणी बर्फाखालून दुसऱ्यात वाहत जाते, हे २००६ साली उपग्रहांच्या निरीक्षणांवरून दिसून आले. घाण एकाची आणि भोगणे दुसऱ्याचे, हा प्रकार कारखान्यांच्या नद्यांवरून आपल्या पूर्ण परिचयाचा आहे.

१९९१ च्या माद्रिद करारान्वये अशा कामापूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सादर करावा लागतो. इतर देश त्यावर मत देऊ शकतात. अंतिम निर्णय मात्र काम करणाऱ्या देशाचाच. शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०११ साली आचारसंहिता केली, तीही सल्लावजाच. खेळाडूच पंच असण्याची ही व्यवस्था आहे. कडक नियमांनी संशोधन थांबेल, ही भीतीही टिकणारी नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश पथकाला एल्सवर्थ सरोवर गाठता आले नाही आणि इंधन संपत आल्याने परतावे लागले, हे खरे. वर्षांची तयारी वाया गेली, परंतु सरोवर अबाधित राहिले. आणि स्वच्छ पद्धतीनेच डिसेंबर २०१८ मध्ये किलोमीटरभर बर्फाखालचे मर्सर सरोवर अमेरिकनांनी गाठले.

भारताला याबाबत तटस्थ राहता येणार नाही. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली; १९८३ साली भारत अंटार्क्टिक कराराचा मताधिकार असलेला सदस्य झाला; ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यातच, वास्को येथे आहे. २०२२ साली संसदेने अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला आणि मे २०२४ मध्ये करारदेशांची बैठक कोचीला भरली. तेथील निर्णय सर्वसंमतीने होतात आणि रशियाही त्याच मेजाभोवती बसतो, तेव्हा नवा निर्बंध मंजूर करून घेणे सोपे नाही. तरीही, शेवटच्या शंभर मीटरपूर्वी छिद्रातील द्रवाची तपासणी अन्य देशांच्या तज्ज्ञांकडून व्हावी, एवढी मागणी तरी भारताने पुढील बैठकीत मांडावी.