बाबासाहेबांचा आवाज आणि आपले कान

बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड आज विहारांत आहेत, पुष्कळ घरांतही आहेत. त्यांचा आवाज मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी लक्षपूर्वक ऐकला आहे. आपण तो ऐकला असे ज्यांना वाटते, त्यांतील अनेकांनी चित्रपटातील नटाचा आवाज ऐकलेला असतो. डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्यातील तुकडे ‘मूळ आवाज’ म्हणून मोबाइलवर फिरू लागले की इतिहासाच्या शिक्षकाला स्वस्थ बसवत नाही. आता तर यंत्राकडून कोणाचाही आवाज घडवून घेता येतो. कागदपत्र अस्सल की बनावट हे पारखण्यास आपण मुलांना शिकवतो, तशीच आवाजाची पारखही शिकवली पाहिजे.

अस्सल आवाज उपलब्ध आहे. १९५५ साली बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन यांनी घेतलेली मुलाखत कोणीही ऐकावी. पुतळ्यातील उंचावलेल्या बोटावरून आपण ज्या गर्जनेची कल्पना करतो, ती तेथे नाही. आहे तो वयाने व आजाराने थकलेला, संथ, पण शब्दावर ठाम असलेला स्वर. प्रतिपक्षी या नात्याने भेटल्यामुळेच आपण गांधीजींना इतरांहून अधिक ओळखतो, असे ते सांगतात. आणि ‘महात्मा’ न म्हणता ‘मिस्टर गांधी’ म्हणतात. हे छापलेले वाचताना कठोर वाटते. ऐकताना त्यामागची वर्षानुवर्षांची व्यथा जाणवते. आमच्या मते, हाच ध्वनिमुद्रणाचा खरा पुरावा होय.

कोणाचा आवाज उरला, यालाही इतिहास आहे. एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ साली, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर चार वर्षांनी. जोतिराव १८९० पर्यंत आणि सावित्रीबाई १८९७ पर्यंत हयात होत्या. एकाचे मूळ गाव कटगुण, दुसरीचे माहेर नायगाव. दोन्ही आपल्या सातारा जिल्ह्यातील. त्यांचा आवाज आपल्याला कधीही ऐकता येणार नाही. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ मध्ये, आणि त्या यंत्रामागे व्यापार होता. १९३१ साली गोलमेज परिषदेच्या निमित्ताने गांधीजी लंडनला गेले, तेव्हा कोलंबिया कंपनीने त्यांच्या भाषणाची तबकडी काढली. त्याच परिषदेत बाबासाहेबही बोलत होते. कंपनीला कोणाचा आवाज खपेल हे ठाऊक होते.

आमची खरी रुखरुख वेगळीच आहे. आपल्या कानी पडतात ते बहुतांशी बाबासाहेबांचे इंग्रजी बोल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्याचे नाव १९१४ क्रमांकावर नोंदले गेले, तो मुलगा पुढे ज्या मराठीतून महाडला आणि नागपूरला आपल्या माणसांशी बोलला, ती मराठी आपल्यापर्यंत मुख्यतः वार्ताहरांच्या लेखणीतून आली. ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ यांचे ऋण मोठेच. पण थांबणे, खाकरणे, श्रोत्यांचा हशा, हे लेखणीत उतरत नाही.

मात्र ज्यांनी ते ऐकले, त्यांतील काही कान अजून शाबूत आहेत. १९५६ मध्ये जी मुलगी पंधरा वर्षांची होती, ती आज पंचाऐंशीच्या आसपास आहे. सातारा-सांगलीच्या वस्त्यांत अशा आज्या आहेत. त्यांना जात्यावरच्या भीमाच्या ओव्या येतात, आणि धम्मदीक्षेनंतर घरातले देव कोणी व कसे विसर्जित केले हेही त्या सांगतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातील अशा ओव्या चिकाटीने जमवल्या. आपण निदान आपापल्या घरचे तरी जमवू.

माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हे काम हाती घ्यावे आणि ध्वनिफिती शाळेच्या ग्रंथालयात द्याव्यात, असे आम्ही सुचवतो. यास साधा मोबाइल पुरतो. पंखा आणि दूरदर्शन संच बंद करावा. आरंभी बोलणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा. मध्ये बोलू नये, मागे संगीत घालू नये. आणि आजी थांबल्या तर थोडा वेळ तसेच चालू ठेवावे.