रात्रीचा दरवाजा उघडा

हत्तीरोगाचे जंतू दिवसा रक्तात सहसा सापडत नाहीत. ते रात्री वर येतात, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्याला झोपेच्या वेळी लोकांची दारे ठोठावावी लागतात. दिवसभराचे काम आटोपून पुन्हा निघायचे, कुत्र्यांना चुकवायचे, ‘यावेळी कशाला आले?’ हे ऐकायचे आणि दमलेल्या मजुराचे बोट टोचायचे. उमरेड तालुक्यात कऱ्हांडला अभयारण्यालगतच्या गावांत वाघाची भीती आणखी वेगळी.

नागपूर जिल्ह्यात जानेवारी २०१९ मध्ये हत्तीरोगाविरुद्ध तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपण होतो. हत्तीरोग निर्मूलनासाठी केंद्राने २०२७ हे वर्ष ठरवले आहे. गोळ्यांनी खरेच काम केले का, हे समजायला रक्ताचे नमुने लागतात. हे काम नकोसे आहे, म्हणूनच ते एकट्यावर टाकणे अन्याय्य आहे. रात्रीच्या पथकाला वाहन आणि वेळेवर भत्ता मिळालाच पाहिजे. महिला कर्मचाऱ्यांना एकटे पाठवू नये. सरपंचांनी आदल्या दिवशी दवंडी द्यावी आणि पथकासोबत स्वतः फिरावे.