वर्गातील शांतता कोणाच्या हिताची?

शाळा तपासावयास आलेला अधिकारी वर्गाच्या दाराशी क्षणभर थांबतो, आत कोणी ब्र काढीत नाही असे पाहतो, आणि ‘शिस्त उत्तम’ असा शेरा लिहून पुढे जातो. हा शेरा वाचून शिक्षकास संतोष होतो व पालकांसही तो पटतो. परंतु आम्ही असे विचारतो की, चाळीस मुले तासभर गप्प बसली म्हणजे त्यांपैकी किती शिकली? मौन हे एकाग्रतेचे असते, तसे भयाचेही असते आणि निराशेचेही असते. यांतील भेद ज्या शाळेस ओळखता येत नाही, तिच्या शिस्तीची प्रशंसा करण्यास आम्ही तयार नाही.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळी होताच कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तरीही आईबापांबरोबर फडावर जाणारी मुले आहेतच. अशा मुलास वयानुरूप वर्गात बसविण्याचा व मागे पडलेला अभ्यास भरून घेण्याचा हक्क २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिला. पण कायदा बाक देतो. त्या बाकावर बसलेल्यास वर्गात सामील करून घेणे हे शिक्षकाचेच काम. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलत राहिले, तर परतलेला मुलगा आधी मागच्या रांगेत जातो, मग कुंपणाबाहेर जातो, आणि काही वर्षांनी त्याच्याही हाती कोयता येतो. त्याची गळती पटावर नोंदली जाण्यापूर्वी कित्येक महिने वर्गात घडून गेलेली असते.

न कळणारे मुकाट्याने ऐकण्याची सवय या प्रांतास नवी नाही. निजामी अमलात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलास विषय समजण्यापूर्वी भाषेशीच झुंजावे लागे. १९४८ साली ती राजवट गेली. पण आज तांड्यावरचे बंजारा मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकातील मराठी त्यास तितकीच परकी असते, हे आम्ही मराठी बोलणारे सोयीस्करपणे विसरतो. त्याने आपल्या बोलीत उत्तर दिले तर हसे न होता ते फळ्यावर लिहिले जावे. शेजारी मराठी शब्द लिहावा. एवढ्याने ते मूल बोलू लागेल.

मग करावे काय? यास पैसा फारसा लागत नाही. प्रश्न आधी सर्व वर्गास विचारावा, थोडे थांबावे, आणि नाव मागाहून घ्यावे. नाव आधी घेतले की उरलेली मुले विचार करणे सोडून देतात. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास दाखवून दिले की, शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक लांब व अधिक विचारपूर्वक येतात. दुसरा उपाय आपल्या जुन्या पाटीचा. प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरावे, म्हणजे कोण कोठे अडला हे शिक्षकास एका दृष्टिक्षेपात कळते व चुकणाऱ्याची शोभाही होत नाही. तिसरा उपाय, दोघादोघांनी आधी आपसांत बोलून मग वर्गास सांगणे. जे मूल चाळिसांपुढे तोंड उघडीत नाही, ते एकापुढे उघडते.

विषयही जवळचा हवा. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला तर पंधरवड्यात किती, आणि अमुक दराने उचल फिटावयास किती दिवस लागतील, हे गणित फडावरून आलेला मुलगा पहिल्या बाकापेक्षा लवकर सोडवील. मोसंबीची बाग व सरकीचे बी ज्या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे, तेथे विज्ञानाचा तास पुस्तकातील चित्रावर का अडावा? समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यातले. त्यांनी दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला. त्यात लेखणी, शाई, कागद यांपासून हाताने करावयाच्या कृतीचे विवेचन आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस व पुढे कोसबाडास काम करताना शाळाच मुलांच्या अंगणात व गुरांच्या कुरणात नेली. तेव्हा कृतीतून शिकविणे ही परदेशी चूष आहे, असे कोणी म्हणू नये.

कोणी म्हणेल, अशाने गोंधळ माजेल व अभ्यासक्रम पुरा होणार नाही. गोंधळ आणि गलबला एक नव्हेत. कामाचा गलबला शिक्षकाने हात वर करताच थांबतो, कारण तसा संकेत त्याने पहिल्या आठवड्यात मुलांशी ठरविलेला असतो. राहिला अभ्यासक्रम. जो शिक्षकाने पुरा केला पण मुलांनी केला नाही, तो पुरा झाला असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?

मात्र सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शिक्षणहक्क कायद्याने छडी मना केली, ते योग्यच झाले. पण छडीच्या जागी काय आणावे हे वर्गात उभे राहून कितीजणांनी दाखविले? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असा त्या कायद्याचा दंडक. म्हणजे लहान गावी एकाच गुरुजीने दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळावयाच्या. त्यात माहिती भरण्याचे कागद निराळेच. आमची जिल्हा परिषदेस सूचना अशी की, प्रशिक्षण सभागृहातील भाषणांनी न होता चांगल्या शिक्षकाच्या वर्गात बसून व्हावे; कागदांचा भार कमी व्हावा; आणि तपासणीच्या शेऱ्यात ‘शिस्त’ या रकान्याखाली, आज किती निरनिराळी मुले बोलली, हा आकडा लिहिला जावा. फडावरून आलेला मुलगा त्या आकड्यात असला, म्हणजे शाळेने आपले काम केले असे आम्ही समजू.