प्लॉट म्हणजे पेन्शन नव्हे

निवृत्तीचा विषय निघाला की पन्नाशीतला आपला माणूस दोनपैकी एक वाक्य बोलतो. 'गावाकडे एक प्लॉट घेऊन ठेवलाय', नाहीतर 'जरा चांगला परतावा देणारं काहीतरी बघतोय'. उशिरा सुरुवात केलेल्याला या दोन्हींचा फारसा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

उशीर का होतो, ते आधी बोलू. भूम तालुक्यातल्या माझ्या ईटसारख्या गावातून निघालेल्या माणसाची पहिल्या काही वर्षांची कमाई त्याची नसतेच. आमचा भाग पाण्याला पारखा. शेतीचा भरवसा नाही, म्हणून म्हशी आणि खव्याच्या भट्ट्या. घरात नेमाने येणारा पैसा म्हणजे दुधाचा पगार, आणि त्यातलाही बराचसा पेंडीच्या उधारीत वळता होतो. अशा घरातला मुलगा इथे अमेरिकेत नोकरीला लागला की सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न, बोअर, धाकट्याची फी आणि मग घरावरचा स्लॅब अशी रांग लागते. स्वतःसाठी पहिला डॉलर बाजूला पडेपर्यंत चाळिशी उलटते. याला बेफिकिरी म्हणणाऱ्यांनी कधी गावी पैसे पाठवलेले नसतात.

बायकांचं आणखी वेगळं. एच-4 व्हिसावर आलेल्या बायकांना 2015 पर्यंत इथे नोकरीच करता येत नव्हती, आणि त्यानंतरही ती मुभा सगळ्यांना मिळाली नाही. शिकलेल्या, हुशार बाईची मिळकत चाळिशीत सुरू होते ती अशी. आणि गावी राहिलेल्यांना तर चाळिशीनंतर हमी-पेन्शनच्या सरकारी योजनांचं दारच बंद. अटल पेन्शन योजना असो की शेतकऱ्यांसाठीची मानधन योजना, प्रवेशाचं वय 18 ते 40. ज्याच्या हाती पैसा चाळिशीनंतर खुळखुळू लागतो, त्याचा विचार या योजनांत कुणी केलेलाच नाही.

आता परताव्याचं. समजा 57व्या वर्षापासून दहा वर्षं तुम्ही महिन्याला 2,000 डॉलर टाकताय. वर्षाला 5 टक्के मिळाले तर साधारण 3 लाख 10 हजार होतात. जीव मुठीत धरून 8 टक्के मिळवलेत तर 3 लाख 66 हजार. म्हणजे सगळी जोखीम घेऊन 56 हजार जास्त, तेही बाजाराने साथ दिली तर. उलट 5 टक्क्यांवरच समाधान मानून महिन्याला 500 डॉलर वाढवलेत, तर 77 हजारांहून जास्त भर पडते. चक्रवाढीला वेळ लागतो आणि आपल्याकडे नेमका तोच नाही. तिशीतल्या माणसाने परताव्याचा विचार करावा, पन्नाशीतल्याने रकमेचा. पन्नाशीपुढच्यांसाठी 401(के) या निवृत्तीच्या खात्यात 2025 साली नेहमीच्या 23,500 डॉलरवर आणखी 7,500 भरायची मुभा होती, आणि 60 ते 63 या वयात तर 11,250 ची. आपल्या ओळखीत ही जागा पूर्ण भरणारे किती, हे ज्याने त्याने आठवून पाहावं. क्रिप्टोच्या गप्पा मात्र पॉटलकमध्ये रंगतात.

दुसरी गोष्ट प्लॉटची. अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते. म्हणून ती भावाच्या नाहीतर मेहुण्याच्या नावावर घेतली जाते. पैसे आपले, सातबाऱ्यावर नाव त्यांचं. भाऊ कितीही भला असला, तरी त्याच्या पश्चात पुतण्यांशी गाठ आहे. बिगरशेती प्लॉट रीतसर स्वतःच्या नावावर घेतला, तरी तो महिन्याला काही देत नाही. विकायला काढलात तर अनिवासी विक्रेत्याचा कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. तालुक्याच्या गावातलं गिऱ्हाईक ते ऐकूनच बिचकतं, आणि ते पटवायला आपण दोन आठवड्यांच्या सुट्टीत जाणार! पुण्याजवळ घेतलेल्यांचं सोनं झालं, हे मलाही ठाऊक आहे. ज्यांचं झालं नाही ते आपल्या मराठी मंडळात येऊन सांगत नाहीत. मातीची ओढ म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या. निवृत्तीच्या हिशेबात मात्र तो शून्य धरा.

मग धरायचं काय? ज्याची आपण सगळ्यात जास्त टिंगल करतो, ते अमेरिकेचं सरकारी पेन्शन, म्हणजे सोशल सिक्युरिटी. त्याचा हिशेब 35 वर्षांच्या सरासरीवर असतो आणि काम न केलेल्या वर्षांना शून्य लागतं, हे ऐकून उशिरा आलेले खचतात. पण सूत्राचा पुढचा भाग कुणी वाचत नाही. सरासरी उत्पन्नाच्या पहिल्या टप्प्याचे 90 टक्के परत मिळतात, पुढच्या टप्प्याचे 32 आणि त्यापुढचे 15. त्यामुळे चांगल्या पगारावर सतरा-अठरा वर्षं काम केलेल्याला, तेवढ्याच पगारावर 35 वर्षं केलेल्याच्या निम्म्याहून बरंच जास्त मिळतं. सूत्र उशिरा आलेल्याच्या बाजूने झुकलेलं आहे. अट 40 क्रेडिटची, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या कामाची. भारताशी अमेरिकेचा याबाबत करार नाही, त्यामुळे 38 क्रेडिटवर परत गेलेल्याला काही मिळत नाही आणि भारतातली वर्षं त्यात मिळवताही येत नाहीत. घाईने परतण्याआधी हा आकडा पाहा. ज्या बाईची स्वतःची वर्षं कमी भरली, तिला पूर्ण निवृत्तिवयाला नवऱ्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंत हक्क आहे. घटस्फोट झाला असला, तरी लग्न दहा वर्षं टिकलेलं असेल आणि तिने पुन्हा लग्न केलेलं नसेल तर हा हक्क राहतो.

आणि थांबा. 1960 किंवा त्यानंतर जन्मलेल्याचं पूर्ण निवृत्तिवय 67. त्याने 62व्या वर्षी घेतलं तर पूर्ण रकमेच्या 70 टक्के, 70व्या वर्षी घेतलं तर 124 टक्के. तेही महागाईप्रमाणे वाढणारे आणि मरेपर्यंत. असा खात्रीचा परतावा देणारा एजंट मला तरी अजून भेटलेला नाही. ज्यांचं काम उभ्याने, अंगमेहनतीचं आहे, त्यांना थांबणं जमेलच असं नाही. इतरांनी मात्र 62 ला 'सुटलो' म्हणायची घाई करू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती. दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याच्या बिल्डरचा स्टॉल असतोच, तो राहू द्या, प्रायोजक लागतात. त्याच्या शेजारी एक टेबल, एक लॅपटॉप आणि हा हिशेब कळणारा एक सभासद बसवा. येणाऱ्या प्रत्येकाला सोशल सिक्युरिटीचं स्वतःचं खातं तिथेच उघडून द्या आणि त्याची किती क्रेडिट झाली आहेत, ते दाखवा. नवऱ्यांना नंतर बसवलंत तरी चालेल, आधी बायकांना बसवा.