उजेड वाटा, जीव सांभाळा

पावसात आहुप्याची वीज गेली की जनरेटरवाला शेजाऱ्याला वायर टाकतो. ही उजेडाची पडकईच! पण जीव सांभाळा. जनरेटर घरात, पडवीत नको. लांब उघड्यावर, वर पत्रा. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. वायर जाड, बिनजोडाची, पाण्यातून नको. तिच्यावर दिवे नि मोबाईल एवढंच. शेगडी, मोटार नाही. घराच्या बोर्डात उलटी वीज सोडली तर खांबावरचा वायरमन मरेल. तोही कुणाचा लेकच.

ही वायर रात्रीपुरती. पक्की वीज आपला हक्क आहे. जंगलातून तारा न्यायची वाट वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये आहे; त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. येत्या ग्रामसभेत ठराव लिहूनच उठा!