कोणत्या गावचे वाजले?

‘किती वाजले?’ असे कोणी विचारले की आपण मनगटाकडे पाहून आकडा सांगतो. ‘कोणत्या गावचे?’ असे उलट विचारले, तर समोरचा गृहस्थ आपल्याकडे जरा काळजीनेच पाहील. पण मुंबईकरांच्या आजोबांना हा प्रश्न वेडगळ वाटला नसता. १ जानेवारी १९०६ रोजी देशाची प्रमाणवेळ सुरू झाली. ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईने ती पुढे कितीतरी वर्षे सोडली नाही. जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा सवतींसारख्या नांदल्या! आमच्या अकलूजचा सूर्यदेखील प्रमाणवेळेहून अर्धा तास मागेच चालतो. पण त्याची तक्रार कोणी नोंदवून घेत नाही.

हे जुने भांडण मिटले असे आपण समजत होतो. संगणकाने ते पुन्हा उकरून काढले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका मुलीचा प्रवेशअर्ज ‘मुदतीनंतर आला’ म्हणून नामंजूर झाला. मुदत रात्री बारापर्यंत. मुलगी म्हणे, ‘सर, मी अकराच्या सुमारास भरला.’ कचेरी म्हणे, ‘नोंद पहाटे ४ वाजून ४० मिनिटांची आहे, यंत्र खोटे कशाला बोलेल?’ एका आकड्यापायी पोरीचे वर्ष जायची वेळ आली.

मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्राचे मला काय कळणार? पण ‘काळ’ हे प्रकरण आमच्या व्याकरणातही आहे. मुलीजवळ फीची पावती होती, रात्री ११ वाजून १२ मिनिटांची. आणि अर्ज पोचल्यावाचून फी घेतलीच जात नाही. ‘अर्ज भरून फी भरली’ यातले ‘भरून’ आधीचे, हे आठवीतला मुलगाही सांगेल. इथे तर फी आधी आणि अर्ज साडेपाच तासांनी!

तेथल्या तरुण तंत्रज्ञाने हा साडेपाचाचा आकडा ऐकताच कपाळाला हात लावला. अनेक यंत्रांच्या नोंदी एका सर्व्हरवर गोळा होतात. तो सर्व्हर येणारी प्रत्येक वेळ जागतिक वेळ, म्हणजे ग्रिनिचची, असे समजून तीत साडेपाच तास मिळवीत असे. अर्ज घेणारे यंत्र मात्र आधीच भारतीय वेळ पाठवीत होते. पण ती कोठली, हे लिहीत नव्हते. रात्रीच्या ११ वाजून १० मिनिटांची अशी पहाट झाली!

त्याने दुरुस्ती केली ती साधीच. प्रत्येक वेळेपुढे ‘अधिक साडेपाच’ ही खूण लिहावयाची, साठवण सगळी जागतिक वेळेत करावयाची, आणि माणसाला दाखवताना तेवढी भारतीय वेळ दाखवायची. जुन्या नोंदी त्याने खोडल्या नाहीत. शेजारी दुरुस्ती मांडली. खोडलेल्या वहीवर उद्या कोण विश्वास ठेवील? त्या रात्रीचे आणखीही काही अर्ज असेच मुदतीत आलेले निघाले. मुलीला प्रवेश मिळाला.

संगणकांची घड्याळे सरकारी प्रमाण घड्याळांशी जुळवून ठेवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. तो योग्यच आहे. पण गंमत पाहा, या प्रकरणात एकही घड्याळ चुकलेले नव्हते! दोन्ही सेकंदाला बरोबर होती. फक्त एकाने आपले गाव सांगितले नव्हते.

आपले पंचांगकर्ते याबाबतीत अधिक शहाणे. सूर्योदय छापला की तो कोणत्या गावचा, हेही ते छापतात. तेव्हा वाचकहो, अर्ज, परीक्षा, बँक, कोठेही ‘तुम्हांला उशीर झाला’ असे यंत्राने सांगितले, तर मान खाली घालण्यापूर्वी पावती शोधा आणि नम्रपणे विचारा: कोणत्या गावचे वाजले?