‘कानमध्ये झळकला’ म्हणजे नेमकं काय झालं?

दर मे महिन्यात एक बातमी हमखास छापून येते. अमुक मराठी चित्रपट ‘कानमध्ये झळकला’. सोबत फोटो असतो: मागे निळा समुद्र, पुढे पैठणी, फेटा आणि घामाघूम झालेला निर्माता. ही बातमी वाचली की आमच्या धंद्यातली माणसं एकमेकांना फोन करून एकच प्रश्न विचारतात, ‘निवड की बाजार?’

कानमध्ये एकाच वेळी, एकाच आवारात दोन गोष्टी चालतात. एक महोत्सव, ज्याच्यासाठी निवड समिती जगभरातून आलेले हजारो सिनेमे पाहून मोजके उचलते. दुसरा बाजार. त्याचं नाव ‘मार्शे द्यू फिल्म’, आणि तो १९५९ पासून भरतो. तिथे पैसे भरले की कोणालाही आपल्या सिनेमाच्या खेळासाठी छोटं थिएटर भाड्याने मिळतं. खेळाला कधी पंचवीस खरेदीदार येतात, कधी सहा, आणि त्यातले चार आपणच जेवायला बोलावलेले असतात. आपलं राज्य सरकार गेली काही वर्षं निवडक मराठी चित्रपट या बाजारात पाठवतं, ते चांगलंच आहे. माल विकायचा तर बाजारात जावंच लागतं, त्यात कमीपणा कसला? माझी तक्रार एवढीच की परत आल्यावर बाजाराचं नाव कोणी काढत नाही, आणि मग खरोखर निवड झालेल्या सिनेमाची बातमीही लोक त्याच जांभईने वाचतात.

खरी निवड किती दुर्मीळ असते पाहा. कानच्या मुख्य स्पर्धेत १९९४ मध्ये शाजी करुण यांचा ‘स्वहम’ होता. त्यानंतर भारतीय सिनेमा तिथे पोचायला २०२४ उजाडलं. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला ग्राँ प्री मिळालं. त्यात मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाणारी बाई छाया कदम यांनी उभी केली आहे. तीस वर्षांत एक. म्हणून म्हणतो, शब्द जरा जपून वापरावेत.

मी स्वतः एक लहान बजेटचा मराठी सिनेमा बगलेत मारून परदेशात फिरलो आहे. बगलेत मारून हे शब्दशः घ्या. सिनेमा म्हणजे एक हार्ड डिस्क असते आणि ती कुलूपबंद असते. कुलपाची किल्ली वेगळी, ईमेलने येणारी. ती ठरावीक थिएटरच्या ठरावीक यंत्रावर, ठरावीक तारखांनाच चालते. एका गावी तंत्रज्ञाने आदल्या दिवशी सिनेमा तपासायला घेतला आणि कुलूप उघडेना. मुंबईत किल्ली बनवणाऱ्याने ती खेळाच्या दिवसापासूनची बनवली होती आणि तो बिचारा तेव्हा गाढ झोपेत होता. त्या रात्री हॉटेलच्या जिन्यात बसून मी ज्या भाषेत फोनवर बोललो, ती आमच्या सिनेमात सेन्सॉरने ठेवली नसती.

पण हे पुढचं. त्याआधी व्हिसा. शेंगेनच्या अर्जासोबत नोकरीचा दाखला, पगाराच्या पावत्या, बँकेचा उतारा असं सगळं लागतं. स्वतंत्र सिनेमा करणाऱ्याकडे यातला फक्त उतारा असतो आणि तो न दाखवलेलाच बरा. शिवाय किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. म्हणजे तिकडे माझा पाय मोडला असता तर त्याच्यावर आमच्या पोस्ट-प्रॉडक्शनपेक्षा जास्त खर्च होऊ शकला असता. महोत्सवाचं निमंत्रणपत्र जोडल्यावर अर्जावरचं वजन वाढतं हे खरं, पण निमंत्रण दिग्दर्शकाचं असतं. दोन-तीन रात्रींचं हॉटेल मिळतं, मोठ्या मनाचा महोत्सव असेल तर विमानाचं तिकीटही. कॅमेरामन, संकलक, ज्या मुलीने सिनेमाभर काम केलं ती, यांचं कोणी विचारत नाही. ते घरी बसून व्हॉट्सॲपवर फोटो बघतात.

आणि पहिला खेळ कुठे करायचा, हा तर वेगळाच जुगार आहे. मोठ्या महोत्सवांना सिनेमा कोरा लागतो. जागतिक पहिला खेळ, निदान आंतरराष्ट्रीय पहिला, निदान त्या खंडातला पहिला. हौसेने एखाद्या लहान महोत्सवाला होकार दिलात की मोठ्यांपैकी बरीच दारं आपोआप बंद. त्यामुळे सिनेमा तयार होऊन महिनोन्महिने पडून राहतो. बर्लिन फेब्रुवारीत, कान मेमध्ये, व्हेनिस आणि टोरोंटो सप्टेंबरच्या आसपास. एकाचा नकार आला की पुढच्याची वाट. प्रत्येक अर्जाला फी. कर्जाचं व्याज मात्र कोणाच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही.

पारितोषिकाची रक्कम सोडली तर या प्रवासात रोख पैसा फारसा हाती येत नाही. पुढच्या लहान महोत्सवांकडून कधी काही शे युरो खेळाचं मानधन मिळतं. जगभर सिनेमा विकणारा एजंट मिळाला तर तो कमिशन घेतोच, शिवाय पोस्टर, जाहिराती, बाजारातल्या टेबलाचं भाडं असा त्याचा खर्च आधी वळता होतो. पहिल्या वर्षी त्याच्या हिशेबाच्या कागदावर शेवटची ओळ बहुधा शून्याची असते.

तरी जावं, असंच माझं मत आहे. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गेला तेव्हा हा कोण मुलगा म्हणून विचारणारे मुंबईतच पुष्कळ होते. ओरिझाँटी विभागातला सर्वोत्तम चित्रपट आणि पदार्पणासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ असे दोन्ही सन्मान त्याला मिळाले. दुसऱ्याची रक्कम एक लाख डॉलर आहे. ‘कोर्ट’मागे निर्माता विवेक गोम्बरने जो पैसा आणि वेळ ओतला, तो त्या दिवसापर्यंत लोकांना शुद्ध वेडेपणा वाटत होता. वेडेपणाच होता तो. तो नसता तर ‘द डिसायपल’ झाला असता का? २०२० मध्ये तोही व्हेनिसला गेला, थेट मुख्य स्पर्धेत, आणि पटकथेचं पारितोषिक घेऊन आला. पहिल्या सिनेमाचा परदेश प्रवास दुसऱ्या सिनेमाचं भांडवल असतो, हे निर्मात्यांनी लक्षात ठेवावं. पहिल्याचा खर्च त्यातून भरून निघेल या आशेवर मात्र कोणी राहू नये.

हे नवं अजिबात नाही. दादासाहेब फाळके १९१४ मध्ये आपले सिनेमे घेऊन लंडनला गेले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांत होता, ‘मोहिनी भस्मासुर’ होता, ‘सत्यवान सावित्री’ होता. दोन वर्षांपूर्वी, १९१२ मध्ये, हेच गृहस्थ त्याच शहरात कॅमेरा विकत घ्यायला आणि सिनेमा कसा करतात ते शिकायला गेले होते. तेव्हा ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन भेट घालून दिली. आता त्याच मंडळींना ते आपला माल दाखवत होते! कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याची बोलणी झाली. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, इकडे पैसा लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि फाळके नाशिकला परतले. लंडनमध्ये वाहवा आणि घरी सावकार, हा क्रम शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

आता खेळाबद्दल थोडं. युरोपातल्या लहान शहरांतला प्रेक्षक शेवटची नामावली संपेपर्यंत उठत नाही. आमच्या स्पॉटदादांचं नाव पडद्यावरून वर सरकेपर्यंत दीडशे परकी माणसं अंधारात शांत बसलेली पाहून मला लाज वाटली होती, कारण पुण्यात मी स्वतः उठतो. आमच्या गोष्टीत दोन चुलत भावांचं सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भांडण आहे. चर्चेत एका समीक्षकाने रात्रीच्या दृश्यांबद्दल बरंच सांगितलं. अंधार म्हणजे कुटुंबातलं दडपलेलं सत्य वगैरे. मी मान डोलावली. मग मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत विचारलं, ‘हे लोक पिकाला पाणी रात्रीच का देतात?’ मी सांगितलं, आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. तो हसला. डोंगराकडच्या त्याच्या गावात पाटाच्या पाण्याच्या पाळ्या असतात आणि त्याच्या वडिलांच्या वाट्याला पहाटेची यायची. नंतर बाहेर कॉफी घेताना त्याने मला त्याच्या चुलत्याने बांध कसा फोडला ते हातवारे करून सविस्तर सांगितलं. समीक्षकाने पुढे आमच्यावर चांगलं लिहिलं, त्याचं कात्रण जपून ठेवलंय. पण आमचा सिनेमा त्या म्हाताऱ्याला जास्त कळला होता.

मग येतात आपले लोक. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, डॉलिस हिलला त्यांची स्वतःची इमारत आहे. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. सॅन होजेला ‘नाफा’चा मराठी चित्रपट महोत्सव २०२४ मध्ये सुरू झाला. याखेरीज कितीतरी शहरांत कोणीतरी एक हौशी जोडपं असतं. ते रविवारी सकाळचं थिएटर भाड्याने घेतं, तिकीट खपवायला आठवडाभर फोन करतं, दिग्दर्शकाला विमानतळावरून आणतं, तळघरातल्या खोलीत झोपवतं आणि सकाळी पोहे खाऊ घालतं. यात त्यांना मिळत काही नाही, उलट खिशातून जातं. मराठी सिनेमाच्या परदेशी वितरणाचा खरा कणा ही जोडपी आहेत, आणि त्यांच्या नावाची कधी बातमी होत नाही.

बाकीच्यांचं काय सांगावं? खेळ संपल्यावर तिथलेच काही जण जवळ येतात, फार छान म्हणतात आणि हळूच विचारतात, ‘घरच्यांना दाखवायचाय, लिंक पाठवाल का?’ तासाला शंभर डॉलर कमावणारा माणूस पंधरा डॉलरच्या तिकिटासाठी हे विचारतो तेव्हा हसावं की काय करावं कळत नाही. ती लिंक एकदा कुठे फुटली की सिनेमाची किंमत संपते. कुठलाही ओटीटीवाला मग दाराशी उभा करत नाही.

आणि घरी? जरा तारखा बघू. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं ते फेब्रुवारी २०१४ मध्ये, महाराष्ट्रात तो लागला जून २०१५ ला. जयंत सोमलकरच्या ‘स्थळ’ला टोरोंटोत नेटपॅक पारितोषिक मिळालं सप्टेंबर २०२३ मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन केलेला हा सिनेमा, आणि चंद्रपूरच्या माणसाला तो थिएटरात बघायला मार्च २०२५ पर्यंत थांबावं लागलं. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सला परदेशी कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. तो सप्टेंबरमध्ये लागला, म्हणजे तुलनेने लवकरच म्हणायचं. लागतात तेव्हाही सकाळी साडेअकराचा नाहीतर दुपारी सव्वातीनचा खेळ मिळतो. नोकरी करणारा माणूस त्या वेळी जाणार कसा? आणि तो गेला नाही की प्रतिसाद नाही म्हणून सोमवारी खेळ उतरवायचा. परदेशातल्या टाळ्यांचा या हिशेबावर काही परिणाम होत नाही. मल्टिप्लेक्सचा मॅनेजर बर्लिनचं बक्षीस बघत नाही, तो शनिवारची विक्री बघतो. त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

तेव्हा यापुढे ‘परदेशात गौरवलेला मराठी चित्रपट’ अशी बातमी वाचलीत तर अभिमान वगैरे सावकाश वाटू द्या. सिनेमा लागला की पहिल्या तीन दिवसांत तिकीट काढा. खेळ गैरसोयीच्या वेळी असेल तर थिएटरला फोन करून संध्याकाळचा मागा. दहा-वीस फोन आले तर ते ऐकतात. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर त्यांनाही सांगा, की मंडळाने खेळ लावला तर जा, आणि लिंक मागू नका.